ताईचा कान

माझी ताई लिफ्ट दुरुस्त करते. टेबलाशी बसून नाही. कमरेला पट्टा बांधून, टोपी घालून ती लिफ्टच्या टपावर उभी राहते आणि विहिरीसारख्या त्या अंधाऱ्या खड्ड्यातून वरखाली फिरते. या कामात तिची वीस वर्षं गेली. कंपनीत तिला कोणी नावाने हाक मारत नाही, सगळे ‘कान’ म्हणतात. “कानाला पाठवा,” असा निरोप निघाला, की कुठल्या तरी लिफ्टपुढे बाकीच्यांनी हात टेकलेत असं समजायचं.

एकदा मी तिच्याबरोबर गेलो होतो. दोन मेकॅनिक यंत्र लावून तासभर घाम गाळत होते आणि यंत्र सांगत होतं, सगळं ठीक आहे. ताई आत शिरली, दाराला तळहात लावला, डोळे मिटले. एक फेरी वर, एक खाली.

“पाचव्या मजल्याचं दार. खालचा रोलर चिरलाय.”

उघडून पाहिलं, तर चिरलेला.

“तुला कसं कळलं?” मी विचारलं.

“कुरकुरत होता की.”

“मला तर काहीच ऐकू आलं नाही.”

“तू बोलत होतास.”

आता अशा बाईला घरात केवढा रुबाब असायला हवा! पण लिफ्टमधून बाहेर पाऊल पडलं, की ताईचा सगळा आत्मविश्वास आतच राहायचा. चपला घ्यायच्या तरी पाच जणांना विचारणार. घराला पडदे घेतले तेव्हा तिने मला विचारलं, माझ्या बायकोला विचारलं, आईला विचारलं आणि शेवटी त्याच दुकानात उशा घ्यायला आलेल्या एका अनोळखी बाईलाही विचारलं. तिला हवे होते पिवळे. घरी आले राखाडी. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. आई म्हणायची, “आमच्या कन्येने ती उलटी करून नेसलीय. ऐकते मनाचं, करते जनाचं.”

खरं सांगायचं तर आम्हाला त्याची चटकच लागली होती. सल्ला द्यायला कोणाला आवडत नाही? त्यातून तो निमूट ऐकणारं माणूस रस्त्यापलीकडच्याच घरात राहत असेल, तर विचारायलाच नको. ताई आणि आई तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतात. समोरच्या इमारतीत मी आणि माझी बायको. मी शाळेत गणित शिकवतो आणि शाळेचं वेळापत्रकही मीच लावतो, त्यामुळे दुसऱ्याने कधी काय करावं हे सांगायची मला सवयच आहे.

तर एका इमारतीत ताई दर महिन्याला लिफ्ट तपासायला जायची. तिथे चौथ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहायचे. ताई आली, की त्यांची कुत्री जिन्यावरून तुरुतुरु खाली यायची आणि काम संपेपर्यंत हत्यारांच्या पिशवीला टेकून बसायची. पुढे मुख्याध्यापकांना मुलीकडे राहायला जायची वेळ आली. जावयाला कुत्र्याच्या नुसत्या नावाने शिंका यायच्या. त्यांनी ताईला जिन्यात गाठलं.

“हिला तुम्ही न्या.”

“मी? सर, मला कुत्र्यांतलं काही कळत नाही हो.”

“तिला माणसांतलं कळतं. भागेल तेवढ्यावर.”

ताईने तिथूनच फोनांचा धडाका लावला. आई म्हणाली, “घरभर केस होतील.” मी म्हणालो, “दिवसभर तू बाहेर, ती बिचारी करणार काय?” तिच्या दोन मैत्रिणींनीही ‘नको’ म्हटलं. फक्त माझी बायको म्हणाली, “ताई, पण तुम्हाला काय वाटतं?”

“अगं, ते सांगायला का फोन केलाय मी?” ताई वैतागून म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मग मुख्याध्यापकांना तिने अगदी व्यवस्थित नकार दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली, तेव्हा तिच्या कामाच्या जाकिटात काहीतरी गुंडाळलेलं होतं. त्यातून एक कान उभा, एक कान पडलेला असं तपकिरी डोकं बाहेर आलं.

“हे काय बोचकं आणलंस?” आई ओरडली.

झालं, नाव पडलं. कुत्री असूनही तेव्हापासून आम्ही सगळे तिला ‘ते’ म्हणतो. बोचकं आलं, बोचकं झोपलं, बोचक्याने चप्पल पळवली.

“काल तर नाही म्हणालीस ना तू?” मी विचारलं.

“म्हणाले. मग जिना उतरले. आज परत चढले.”

“का?”

“माहीत नाही,” ताई म्हणाली. चोरी करताना पकडलं गेल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

आम्हाला न जुमानता केलेली तिची ही पहिली गोष्ट. तिचं तिलाच ते इतकं जड गेलं, की पापक्षालन म्हणून बोचक्याचं बाकी सगळं तिने आमच्यावर सोपवून टाकलं. आम्ही काय, टपूनच बसलो होतो. मी वेळापत्रक आखून भिंतीवर चिकटवलं: सहा दहाला फिरणं, सहा चाळीसला खाणं, सात पाच ते सात पंधरा मुक्त खेळ. आईने दुधात पाव भिजवायला घेतला. आणि माझ्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने ‘कॅप्टन’ आले. हे गृहस्थ सैन्यात कधीच नव्हते, पण गळ्यात शिट्टी होती आणि मिशीला पीळ. कुत्र्यांना शिस्त लावणं हा त्यांचा धंदा.

“बाई, तुम्ही फार लाड करता,” कॅप्टन दारातूनच म्हणाले. “संध्याकाळी घरात शिरलात, की दहा मिनिटं तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. आणि आधी तुम्ही खायचं, मग तिने. घरात मोठं कोण हे कळलं पाहिजे. नाहीतर डोक्यावर मिऱ्या वाटेल.”

त्या दिवसापासून ताई कामावरून आली, की भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. बोचकं तिच्याभोवती गोल गोल फिरायचं, शेपटीने तिच्या पोटऱ्या झोडपायचं, कुईकुई करायचं. ताई घड्याळाकडे बघत उभी. आठवड्याभराने बोचक्याने फिरणं सोडून दिलं. तेही तिच्या शेजारी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायला लागलं.

“वर्गात शिक्षा झाल्यासारख्या दिसतात दोघी,” आई म्हणाली.

मग ताई एक बिस्किट घ्यायची, बोचक्यासमोर उभी राहून ते गंभीरपणे चावायची आणि नंतर त्याचं भांडं खाली ठेवायची. बोचकं तिच्याकडे असं बघायचं, की या बाईचं कामावर काहीतरी बिनसलं असावं.

“मला हे बरोबर वाटत नाही रे,” ताई एकदा हळूच मला म्हणाली.

“अगं, त्यांनी दोनशे कुत्री शिकवलीत.”

“हो ना. मी एकही नाही.” आणि विषय संपला.

तिसऱ्या महिन्यात बोचक्याचं खाणं बिघडलं. भांड्यापाशी यायचं, घास तोंडात घ्यायचं, खाली टाकायचं आणि निघून जायचं. तास-दोन तासांनी परत तेच. आम्ही सगळे उंटावरचे शहाणे लगेच कामाला लागलो. मी म्हणालो, वेळा पाळल्या जात नाहीत. आई म्हणाली, त्याला मुख्याध्यापकांची आठवण येतेय. कॅप्टन म्हणाले, “नखरे आहेत. दोन दिवस भांडं उचलून ठेवा, तिसऱ्या दिवशी दगड खाईल.” प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई या सगळ्यांत समजूतदार. त्यांनी तोंड उघडून दात बघितले, पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं. सगळं छान होतं. “करतात कधीकधी असं,” त्या म्हणाल्या. “थोडे दिवस बघू या.”

त्याच आठवड्यात आम्ही ताईकडे जेवायला बसलो होतो. बोचकं कोपऱ्यात आपल्या भांड्यात तोंड घालून होतं. बटाट्याचा घास तोंडाकडे नेता नेता ताईचा हात थांबला.

“ऐकलंस?”

“काय?”

“टक्. दर तीन-चार घासांना येतं. टक् झालं, की ते घास टाकतं.”

मी कान दिला. मला फक्त आईच्या बांगड्या ऐकू आल्या. “ताई,” मी म्हणालो, “ती लिफ्ट नाहीये गं.”

आम्ही सगळे हसलो. ताईही हसली आणि तिने तो घास खाल्ला. पुढचे सहा दिवस तिने तो विषय काढला नाही. माझ्या त्या विनोदाची मला अजूनही लाज वाटते. एरवी माझे विनोद इतके परिणामकारक नसतात.

सहाव्या दिवशी कॅप्टनच्या सांगण्यावरून तिने भांडं उचलून कपाटात ठेवलं. सातव्या दिवशी रविवार. सकाळी मी वर्तमानपत्र घेऊन तिच्याकडे गेलो, तर ती बूट घालून खुर्चीत बसली होती आणि बोचक्याने तिच्या बुटावर हनुवटी टेकली होती. मागत नव्हतं, रडत नव्हतं. नुसतं टेकलं होतं. ताई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग उठली आणि तिने कपाट उघडलं.

“अगं, कॅप्टन म्हणाले होते—”

“गप्प बस जरा.”

आमच्या उभ्या आयुष्यात ती मला असं पहिल्यांदा बोलली. रागाने नाही. खड्ड्यात उभी असताना ती बोलते ना, त्या आवाजात. तिने पंखा बंद केला. फ्रिजचं बटण बंद केलं. आईचा रेडिओ बंद केला, आणि आईही आश्चर्याने गप्प बसली. मग ती माझ्याकडे वळली.

“बूट काढ. तुझा डावा करकरतो.”

मी बूट काढले. ताई जमिनीवर आडवी झाली, बोचक्याच्या जबड्याजवळ कान नेला आणि त्याला भिजवलेला पाव दिला. काही नाही. मग कडक बिस्किटाचा तुकडा दिला, उजव्या बाजूने. काही नाही. डाव्या बाजूने दिला. बोचक्याला वाटलं काहीतरी नवीन खेळ आहे. त्याने आधी तिचा कान चाटला, मग तुकडा चावला, आणि लगेच तोंडातून टाकला.

“डावीकडे,” ताई डोळे मिटून म्हणाली. “वर. मागून दुसरी दाढ. चल.”

“कुठे?”

पण ती बोचक्याला उचलून दारातून बाहेर पडली होती. मी मोज्यांवरच तिच्यामागे धावलो.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना बंद व्हायला पंधरा मिनिटं होती. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मी दात तपासलेत हो. चांगले आहेत.”

एरवीची ताई ‘हो का, बरं’ म्हणून मागे फिरली असती. मी तर वळलोही होतो. पण ती हलली नाही. तिचे कान लाल झाले होते.

“दातांतलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं,” ती म्हणाली. “पण आवाजातलं मला कळतं. आत काहीतरी उभं चिरलंय. दाब आला की उघडतं, सोडला की मिटतं. म्हणून बघताना दिसत नाही. फोटो काढा.”

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “काय काम करता तुम्ही?”

“लिफ्ट.”

“आणि असं चिरलेलं…”

“रोज ऐकते.”

त्यांनी अंगातून काढलेला पांढरा कोट परत चढवला. भूल दिली, फोटो काढला आणि ताईला आत बोलावलं. वरून धडधाकट दिसणाऱ्या दाढेतून केसासारखी एक रेघ मुळापर्यंत गेली होती, आणि मुळाशी पू साठायला लागला होता. “आणखी आठवडा गेला असता, तर डोळ्याखाली सूज आली असती,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चुकलंच माझं.” भल्या बाई. असं स्वच्छ कबूल करणारे डॉक्टर मी फार पाहिले नाहीत. शिक्षक तर त्याहून कमी.

फक्त दाढ मागून दुसरी नव्हती, तिसरी होती. परत येताना ताई रस्ताभर त्याचीच हळहळ करत होती.

दाढ निघाली आणि बोचक्याचं तोंड सुटलं. समोर येईल ते ते खायला लागलं. आईच्या पिशवीतलं अर्धं गाजर, स्वतःचं अंथरूण, आणि भिंतीवरून निसटलेलं माझं वेळापत्रक. त्यातला मुक्त खेळाचा भाग तेवढा उरला. कॅप्टन आले, तेव्हा ताईने त्यांना दारातच नमस्कार केला. “तुमची मेहनत वाया गेली,” ती म्हणाली, “पण आम्ही एकमेकींकडे बघायचं ठरवलंय.”

इथे गोष्ट संपली असती, तर ताई शहाणी आणि आम्ही मूर्ख असा सरळ हिशेब झाला असता. पण तसं झालं नाही. यशाने माणूस बिघडतं. पुढचे पंधरा दिवस ताई उठता-बसता ‘मला आतून वाटतंय’ म्हणायला लागली. बोचक्याला सोबत हवीय असं तिला आतून वाटलं, आणि ती एका गोदामातून मांजर घेऊन आली. मांजर तीन दिवस कपाटावर होतं. बोचकं तीन दिवस कपाटाखाली उभं राहून गळा काढत होतं. दुसऱ्या दिवशी दोन बरण्या फुटल्या, तिसऱ्या दिवशी आई पिशवी भरून आमच्याकडे राहायला आली. चौथ्या दिवशी मांजर गोदामात परत गेलं, आणि जाताना त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

“तो काही आतला आवाज नव्हता,” ताई ओरखडलेल्या हाताला मलम लावत म्हणाली. “माझी हौस होती.”

“मग फरक कसा ओळखायचा?” माझ्या बायकोने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ताईने विचार केला. “हौस फार बोलते गं. कारणांवर कारणं देते. मांजराची मी तुम्हाला किती कारणं सांगितली? सात. दाढेचं एकही सांगता येत नव्हतं.”

याच सुमाराला कंपनीतल्याच तिच्या नव्या कामाचा पहिला दिवस आला. बोचक्याची दाढ दुखायच्या आधीच ते ठरलं होतं. कंपनीने शहरातल्या सगळ्या लिफ्ट तारांनी एका खोलीला जोडल्या होत्या, आणि त्या खोलीत बसून पडद्यांवर लक्ष ठेवायला मोठ्या साहेबांनी ताईची निवड केली होती. काचेची केबिन, फिरती खुर्ची, दारावर पाटी. ताईने आम्हाला विचारलं होतं, आणि आम्ही एका सुरात ‘घे’ म्हटलं होतं. त्रेचाळिसाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्याने किती दिवस खड्ड्यात उतरणार? सल्ला चांगला होता. आजही मला तो चांगलाच वाटतो.

पहिल्याच दिवशी दुपारी मधल्या सुट्टीत तिचा फोन आला.

“कशी आहे खुर्ची?”

“छान आहे. गोल फिरते.”

“मग?”

“इथे काहीच ऐकू येत नाही रे.”

‘होईल सवय’ हे दोन शब्द माझ्या जिभेवर तयार होते. पण का कोण जाणे, मला मोज्यांवर धावलेला तो रविवार आठवला. मी ते गिळले.

“ताई, तुला काय वाटतं?” मी विचारलं.



“विचार करून सांगते,” ती म्हणाली. मग एकदम हसली. “नाही. विचार कशाला? मला माहीतच आहे की.”

ती तशीच उठून मोठ्या साहेबांकडे गेली. पुढचं तिने आम्हाला नक्कल करून दाखवलं, म्हणून मी ते शब्दशः सांगू शकतो.

“सोडता? एका दिवसात?” साहेब म्हणाले. “कारण काय?”

“कारण नाही देता येणार, साहेब.”

“अहो, फॉर्मवर कारणाचा रकाना आहे!”

तिने फॉर्म घेतला, रकान्यात ‘नको’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

“या खुर्चीसाठी लोक दहा दहा वर्षं झुरतात!”

“मग त्यांच्यातल्या एखाद्याला द्या ना.”

आणि तसंच झालं. पाठीच्या दुखण्याने बेजार झालेला तिचा एक जुना सहकारी त्या खुर्चीत बसला. तो आता तिथे इतका सुखात आहे, की घरी जायचं नाव काढत नाही. मोठे साहेब मात्र दोन महिने ताईशी बोलले नाहीत. शहराच्या टोकाच्या, लांबच्या, कटकटीच्या इमारती तेवढ्या तिच्या वाट्याला आल्या. आईने आठवडाभर अबोला धरला. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागलेली मुलगी तिला बघवत नव्हती. आणि गुडघा? तो दुखतोच आहे. खुर्ची घेतली असती तर दुखला नसता, हेही खरं. ताईला त्याबद्दल विचारलं तर ती म्हणते, “दुखतो ना. पण माझा आहे.”

परवाच्या शुक्रवारी आमच्याकडे सगळ्यांचं जेवण होतं. साडेसातला बसायचं ठरलं होतं. पावणेआठ झाले, ताईचा पत्ता नाही. मी फोन केला.

“कुठे आहेस?”

“माहीत नाही. एक पूल लागलाय.”

“कुठला पूल?”

“अरे, आज बोचकं नेतंय. मी नुसती मागे चाललेय.”

आईने माझ्या हातातून फोन घेतला. “अगं, जेवण गार होतंय!”

“तुम्ही सुरू करा,” ताई म्हणाली आणि तिने चक्क फोन ठेवला.

आईने फोन माझ्या हातात परत दिला. आता बरसणार, असं मला वाटलं. पण तिने डाव उचलला आणि सगळ्यांना वाढायला घेतलं. “येतील दोघी, भूक लागली की,” ती म्हणाली.

आमचं अर्धं जेवण झालं, तेव्हा दारावर ओरबाडल्याचा आवाज आला. दोघी उभ्या होत्या, गुडघ्यांपर्यंत चिखलाने माखलेल्या, आणि ताईच्या हातात तिच्याच चपलेचा अंगठा. कुठल्याशा बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मागे तळं आहे, तिथे एक बदक आणि त्याची नऊ पिल्लं आहेत, आणि बोचकं अर्धा तास अजिबात न भुंकता त्यांच्याकडे बघत बसलं होतं, असं ताई एका दमात म्हणाली. पुरावा म्हणून तिने फोन पुढे केला.

आईने चष्मा लावून फोटो नीट पाहिला.

“यात बदक कुठंय?”

“त्या शेपटीच्या मागे,” ताई म्हणाली आणि हात धुवायला आत गेली.